मुलाकडचे की मुलीकडचे?

परंड्यात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, शाळेत पगार किती मिळणार तेही विचारलं नाही. ते अंगणात एका लाल मखमली सिंहासनाचा निखळलेला हात खिळ्यानं ठोकत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कुणाकडचे तुम्ही? मुलाकडचे का मुलीकडचे?"

मला वाटलं, आपण चुकीच्या घरात शिरलो. मी म्हणाले, "मी इथल्या शाळेत नवीन बाई म्हणून लागलेय. खोलीसाठी आले होते."

"ते झालंच की. पण कुणाकडचे?"

घाबरून मी "मुलीकडची" म्हणाले. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि आत तोंड करून ओरडले, "अहो, मुलीकडची मंडळी आली! च्या टाका!" माडीवरची खोली मला मिळाली ती अशी.

सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं, म्हणून मीही इथं मालकच म्हणते. उंच, काटकुळे, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या कॉलरला ओळीनं टोचलेल्या सेफ्टी पिना. जुना धंदा मांडव-डेकोरेशनचा. कनातीची झालर कुठं सुटली की कॉलरची पिन काढायची आणि लावायची, ही हाताची सवय धंदा गेल्यावरही राहिली होती. रस्त्यानं जाताना कुणाच्या पोराच्या चड्डीचं बटण तुटलेलं दिसलं की मालक थांबून पिन लावणार. माझ्या छत्रीला, दप्तराला, एकदा तर शाळेतल्या फाटक्या नकाशाला त्यांच्या पिना होत्या.

जागा कुठलीही असो, ते ती पंगतीच्या हिशेबानं बघायचे. एका रविवारी मला किल्ला दाखवायला घेऊन गेले. मी तोफ बघत होते. मालक मात्र मोकळ्या पटांगणात कमरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, "बाई, काय जागा हाय बघा. चार पंगती एका टायमाला उठतील. वाढप्याला वळायलासुद्धा जागा." मी म्हटलं, "मालक, ही लढाईसाठी बांधलीय." ते म्हणाले, "लढाई करून तरी शेवटी जेवायलाच बसायचं ना?"

त्यांचा धंदा बसला तो बसस्टँडच्या रस्त्याला मंगल कार्यालय झालं तेव्हा. चकचकीत फरशी, आयती सजावट, आणि जेवायला बुफे. मालकांच्या कनाती घडी घालून माळ्यावर गेल्या. त्याचं दुःख त्यांना होतंच, पण राग होता तो बुफेचा. "हातात ताट घेऊन लाइनीत हुबं ऱ्हायचं, रेशनला ऱ्हातो तसं! कुणी 'अजून एक घ्या' म्हणत न्हाय, कुणी रुसत न्हाय, कुणी समजूत काढत न्हाय. मग त्याला लगीन कशापायी म्हणायचं?" कार्यालयाची पायरी चढायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांच्या घरापासून कार्यालय हाकेच्या अंतरावर, पण बसस्टँडला जायचं असलं तरी ते मागच्या गल्लीनं वळसा घालून जायचे.

मग एके दिवशी त्यांनी माळ्यावरचा मांडव काढला आणि आपल्याच अंगणात कायमचा उभा केला. दर शनिवारी तिथं लग्न लागायचं. नवरा-नवरी कुणाचीच नाही. माणसं आधी सांगून ठेवायची, बायका-पोरं घेऊन यायची, मांडी घालून पंगतीला बसायची, आणि जेवता जेवता सगळ्यांनी मिळून लग्नाचं नाटक करायचं. नाटकाला स्टेज नव्हतं. "बघणारा कुणी न्हाय इथं," मालक सांगायचे, "जेवायला आला तो वऱ्हाडी." फाटकातच ते हातात माइक घेऊन उभे असायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोच प्रश्न, "कुणाकडचे?" मुलाकडचे उजवीकडं, मुलीकडचे डावीकडं. नवरा-नवरी, करवली, विहीणबाई, व्याही आल्या माणसांतूनच निवडायचे. लाजणाऱ्याला पहिल्यांदा. शाळेत हात वर न करणारी पोरं तिथं करवली होऊन नवरदेवाचा बूट पळवायची, आणि तलाठी ऑफिसातले गंभीर भाऊसाहेब विहीणबाईंच्या पाया पडायचे.

स्वयंपाक मालकीणबाईंचा. वांग्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, पुरी, भात, बुंदी, आणि गव्हाची खीर. मालकांच्या लग्नात जेवण आधी आणि अक्षता शेवटी. का, विचारलं तर म्हणायचे, "अक्षता आधी टाकल्या की माणसं डोक्यावर तांदूळ तसेच घेऊन ताटाकडं पळत्यात. पोट भरलेला माणूस आशीर्वाद बरा देतो."

भटजी मात्र कायमचा ठरलेला होता, आणि ती मी.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. तामलवाडीच्या शाळेतून निघून मी पदवी घेतली खरी, पण माझा आवाज घशातच राहायचा. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा सांगून पाहिलं होतं. मालकांनी एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "ग्रॅज्युएट हैत तुम्ही. मंगलाष्टकं तुमचीच."

"मी बाईमाणूस, मालक. भटजी कशी होऊ?"

"मंगलाष्टकं गळ्यातनं निघत्यात बाई, धोतरातनं न्हाय."

खरी मंगलाष्टकं नाटकात म्हणायची नाहीत, देवाची चेष्टा नको, असा त्यांचा दंडक. म्हणून मी माझी रचली. त्यातल्या दोन ओळी गावातल्या पोरांना अजून पाठ आहेत:

आली आमटि तापुनी झणझणी, पानावरी ये पुरी
मामा का रुसले कुणास न कळे, खाऊन बुंदी तरी

या ओळी शेवटच्या पानापर्यंत ऐकू गेल्या नाहीत तर मालक माइकवरून पुकारायचे, "भटजींचा आवाज मुलीकडच्यांना आलेला नाही. लगीन लागलेलं नाही. पुन्हा!" पोरं हसायची. मी पुन्हा म्हणायची. दिवाळीपर्यंत माझा आवाज शाळेच्या फाटकावर ऐकू यायला लागला.

रुसणारे मामा म्हणजे शेखचाचा. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. नातवंडांना घेऊन दर शनिवारी यायचे आणि पंगत रंगात आली की पानावरून उठायचे. "जावयाला मखमली खुर्ची, आणि मामाला सतरंजी? मैं नहीं खाता! चला रे पोरांनो!" मग सगळा मांडव त्यांची समजूत काढायचा. कुणी पंख्यानं वारा घालायचं, कुणी बुंदीचा द्रोण पुढं करायचं. चाचांना रुसायला कारण लागायचंच नाही. एकदा पुरी गोल आहे म्हणून रुसले होते.

आणि आता तो शनिवार.

उन्हाळ्याचे दिवस, लग्नसराई. ऊन नुकतं उतरत होतं. तिकडं कार्यालयात खरं लग्न होतं, गोरज मुहूर्ताचं. त्यांच्या लाऊडस्पीकरचा आवाज मधूनमधून आमच्या अंगणात यायचा आणि मालक कपाळाला आठी घालायचे. लहान मुलं आणि शेवटच्या कुर्डुवाडी गाडीची माणसं असायची, म्हणून आमची पंगतही दिवसाउजेडीच बसायची.

फाटकाशी एक रिक्षा थांबली. त्यातून एक म्हातारं जोडपं उतरलं. आजोबांच्या अंगावर कडक इस्त्रीचं धोतर आणि गुलाबी पटका. आजींच्या हातात पिशवी, आणि आजोबांच्या काखेत फडक्यात बांधलेली तांब्याची कळशी.

मालकांनी माइक तोंडाशी नेला. "यावं, यावं! कुणाकडचे?"

आजोबांनी कानाला हात लावला. मालकांनी पुन्हा विचारलं, तसे ते ताठ झाले आणि म्हणाले, "मुलाकडचे! ईटहून आलो आमी!"

एवढं चोख उत्तर त्या फाटकात कधी कुणी दिलं नव्हतं. मालक खूश. "ऐका मंडळी! याला म्हणत्यात वऱ्हाडी! ईटची मंडळी, मुलाकडची, पहिल्या पानावर!" मांडवात टाळ्या पडल्या. आजोबा जरा गोंधळले, पण हात जोडून बसले.

पंगत सुरू झाली. त्या दिवशी नवरदेव होता मेडिकल दुकानातला एक तरुण. नवरी झाली होती आमच्या गल्लीतली अंगणवाडीची ताई, दोन लेकरांची आई. मुंडावळ्या बांधून, पदर पुढं ओढून सिंहासनावर बसली होती. मी उपरणं सावरत मधे उभी. आजोबा पुरीचा तुकडा मोडत शेजारच्याला म्हणाले, "आमच्या टायमाला अक्षतेच्या आदी जेवाण नव्हतं बरं का." शेजारचा म्हणाला, "इथं असंच असतंय, आजोबा." आजोबांनी मान डोलावली. बदललेला जमाना समजून घेणारी मान.

खीर वाढायच्या आत आजोबा उठले. पिशवीतून टॉवेल-टोपी काढली, कळशीचं फडकं सोडलं आणि मालकांना म्हणाले, "नवरदेवाचे वडील कुठं हैत? आहेर द्यायचाय."

मालकांना वाटलं, म्हाताऱ्यानं कमाल केली. माइकवर म्हणाले, "बघा! आहेर सोबत घेऊन आलाय माणूस! शिका जरा!" पुन्हा टाळ्या. मेडिकलवाल्या नवरदेवानं तर उठून त्यांच्या पायांना हात लावला.

आजोबांनी दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. निरखून बघितलं. "तात्याचं नाक न्हाय आलं तुला," ते म्हणाले. "तुझा आजा आन् मी, एकाच बैलजोडीवर दोघांची रानं नांगरली रं बाबा. पुढं तो लेकाकडं पुण्याला गेला, तिकडंच वारला. शेवटचा फोन केला तवा म्हणला, नातवाच्या डोक्यावर माझ्या वाटणीच्या अक्षता तू टाक. ही कळशी त्याच्याच घरची, माझ्याकडं ऱ्हायलेली. तुला द्यायला आणली. तुझ्या बापाला लहानपणी बघितलेलं, आता वळखूबी यायचा न्हाय."

मी सिंहासनाशेजारीच होते. मालकांनी माइक हळूच खाली केला.

घोटाळा कळायला वेळ लागला नाही. आजोबांनी रिक्षावाल्याला सांगितलं होतं, लग्नाच्या मांडवात सोड. परंड्यात त्या दिवशी मांडव एकच होता. कार्यालयाला कुठला मांडव?

तेवढ्यात तिकडच्या लाऊडस्पीकरवर आवाज आला, "मंडळींनी हॉलमध्ये यावं, मुहूर्त जवळ आलाय, अक्षता वाटून घ्याव्यात."

मी मालकांच्या कानाशी गेले. "सांगून टाकू या, मालक. त्यांच्या अक्षता चुकतील."

"काय सांगता? खोट्या लग्नात आहेर दिला म्हणून? भरल्या पंगतीत?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "मी टाळ्या वाजवायला लावल्यात बाई, त्या माणसासाठी. आता तोंड कसं पाडू त्याचं? आन् अक्षताबी चुकता कामा न्हायत." त्यांचा हात कॉलरवर फिरत होता, एक पिन काढायचा, पुन्हा टोचायचा. मग ते वाकले आणि पंगतीतून सरळ शेखचाचांपाशी गेले.

"चाचा, आज मनापासून रुसा. मांडवावर रुसा. कार्यालयाशिवाय मानू नका."

चाचांनी आजोबांकडं बघितलं, कळशीकडं बघितलं. घास तसाच पानात ठेवला आणि उठले.

"हा मांडव मला पसंत न्हाय!" ते असे ओरडले की मांडवाच्या दाराशी बसलेला हलगीवाला दचकला. "ही काय कनात हाय? ठिगळाला ठिगळ! माझ्या भाच्याच्या अक्षता असल्या मांडवात? कार्यालय पायजे! फरशीचं! न्हायतर मी पोराला घेऊन चाललो!"

मालकांच्या तोंडावर त्यांच्या कनातीला ठिगळ म्हणणारा माणूस पहिल्यांदाच बघत होतो आम्ही. मालकांनी हात जोडले. "मामा म्हणतील तसं! मंडळी, मुलाकडच्या मामांचा मान! वऱ्हाड कार्यालयात चाललं! उठा!"

मुलीकडच्या ओळीला वाटलं, आज नवा प्रवेश. पण उजव्या ओळीतून कुजबुज पानापानानं सरकत गेली, मीठ वाढत जातात तशी. "खरे पाहुणे हैत... ते तिकडच्या लग्नाचे... बोलू नका." आणि मग मी जे बघितलं ते कुठल्या नाटकात बघितलं नाही. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तलाठी भाऊसाहेबांनी कळशी पुन्हा फडक्यात बांधून आजोबांच्या काखेत दिली, "आहेर मुहूर्तावर द्यायचा, आजोबा." कुणी त्यांच्या वहाणा शोधून आणल्या, आणि मेडिकलवाला मुंडावळ्या सोडून गर्दीत मागं सरकला. मालकीणबाईंनी आजींची ओटी भरली. हलगीवाल्यानं हलगी शेकून घट्ट केली. जेवण अर्ध्यावर टाकून सगळा मांडव रस्त्यावर आला, आणि वाजत गाजत निघाला.

पुढं आजोबा आणि मालक. मालक कार्यालयाच्या रस्त्याला लागलेत हे मी पहिल्यांदा बघत होते. पोरं नाचत होती. शेखचाचा नाचणाऱ्यांना ढकलत होते, "नाच नंतर! पाय उचला, मुहूर्त चाललाय!" मी आजींचा हात धरून मागून घाईनं चालले होते.

आजी माझ्याकडं झुकल्या. "पोरी, भटजी तूच ना?"

"व्हय, आजी."

"नवरीच्या पायात जोडवी होती की गं. आन् मधीच एक लेकरू येऊन तिला 'आई, बुंदी' म्हणालं."

मी चालता चालता अडखळले. "म्हणजे तुम्हाला..."

"यांना कानानं कमी येतंय, बरं झालं. मी यांना उठवणारच होते. पण म्हणलं, एवढी माणसं इतक्या मायेनं वाढायलीत, भरल्या पानावरनं उठवावं कसं? जिवाला नुसता घोर. मग तुमचा त्यो रुसका उठला, तवा म्हणलं, सुटलो." त्यांनी माझा हात दाबला. "यांना सांगू नको. आन् त्या पिनावाल्यालाबी सांगू नको. लई हौसेनं कराय लागलाय बिचारा."

कार्यालयाच्या कमानीशी आलो तेव्हा आतून मंगलाष्टकांचा सूर येत होता. खरी मंगलाष्टकं. दारात मुलीकडचे एक गृहस्थ गुलाबपाणी घेऊन उभे होते. एवढं मोठं, हलगी वाजवत आलेलं वऱ्हाड बघून ते बावरले. आजोबांनी आपली ओळख सांगितली, तसं त्यांनी अदबीनं वाट दिली. मग त्यांची नजर मालकांवर पडली. सदऱ्यावर आमटीचे डाग, कॉलरला पिना.

"आणि आपण? कुणाकडचे?"

हलगी थांबली. आम्ही सगळे थांबलो. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न मालकांना कुणी पहिल्यांदा विचारला असेल. पायरीच्या अलीकडं ते उभे होते आणि हात कॉलरवर गेला होता. कमानीची झालर एका बाजूनं सुटून लोंबत होती. त्यांनी पिन काढली, झालर वर उचलून नीट टोचली, आणि परत फिरायला वळले.

आजोबांना तो प्रश्न ऐकू आला होता की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मालकांचं मनगट धरलं.

"हे व्हय? हे आमच्याकडचे," ते म्हणाले, आणि त्यांना घेऊन पायरी चढले.

शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. आजोबांनी आपल्या मुठीतल्या निम्म्या अक्षता मालकांच्या हातावर ओतल्या. 'सावधान' झालं तेव्हा दोघांचे हात बरोबरच वर गेले. आजोबांनी बोहल्यावरच्या नवरदेवाला निरखलं आणि म्हणाले, "हाय की तात्याचं नाक! मघाशी माझ्या नजरंला आलं न्हाय." मग तात्यांच्या मुलानं, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांनी, कळशी ओळखली. काय बोलले ते वाजंत्रीत ऐकू आलं नाही. दोघं एकमेकांना मिठी मारून उभे होते, आणि कळशी दोघांच्या मधे अडकली होती, एवढं दिसलं.

लग्नघरच्यांनी आम्हाला कुणालाच जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. आम्ही निम्मे जेवलेलोच होतो. मालक हातात ताट घेऊन बुफेच्या लाइनीत उभे राहिले, अगदी शहाण्यासारखे. मी बघत होते. लाइन दोन पावलं सरकली. मालकांनी ताट खाली ठेवलं, टेबलाच्या पलीकडं गेले आणि वाढणाऱ्याच्या हातातला झारा घेतला.

थोड्या वेळानं बघते तर कार्यालयाच्या चकचकीत फरशीवर एक लांब ओळ मांडी घालून बसली होती, आमची माणसं आणि त्यांची माणसं, एकाआड एक. पहिल्या पानावर आजोबा-आजी. मालक बुंदीचं पातेलं घेऊन "अजून एक! माझ्यासाठी एक!" करत वाकत चालले होते. आणि ओळीच्या शेवटी शेखचाचा पानाकडं पाठ करून बसले होते, फरशी फार गार आहे म्हणून, आणि नवरदेवाचे वडील, खरे वडील, हात जोडून त्यांची समजूत काढत होते.